थोरिन ऐकेलच असे नाही

संगणकावरील खेळ म्हटले की आमच्या कपाळावर आठी पडते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तथापि ‘द हॉबिट’ या खेळाचा इतिहास चाळताना ती आठी काहीशी सैल झाली.

मूळ कादंबरी १९३७ सालची. तिचे कर्ते जे. आर. आर. टोल्किन आपल्याच श्रद्धेतले; १९०४ साली आई निवर्तल्यावर या पोरक्या मुलाचे पालकत्व बर्मिंगहॅम ऑरेटरीचे फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी निभावले. खेळ मात्र जन्मला दूर मेलबर्नमध्ये, १९८२ साली. बीम सॉफ्टवेअरच्या आल्फ्रेड मिलग्रोम यांनी आदल्या वर्षी व्हेरोनिका मेग्लर या विद्यापीठातील विद्यार्थिनीला अर्धवेळ कामावर घेतले होते. फिलिप मिचेल हे तिचे सहकारी.

त्या काळी असे खेळ शब्दांवर चालत. खेळाडूने आज्ञा टंकायची, यंत्राने मजकुरातून उत्तर द्यायचे. एकदा कोडी उलगडली की पुन्हा खेळण्यात गोडी उरत नसे, आणि मेग्लरबाईंना नेमका याचाच कंटाळा होता. म्हणून त्यांनी पात्रांना स्वतःचे चलनवलन दिले. खेळाडू स्वस्थ बसला तरी काळ पुढे सरके. गँडाल्फ येई, निघून जाई. थोरिन मध्येच खाली बसून सोन्याचे गाणे आळवू लागे. मिचेल यांच्या रचनेमुळे पात्रांशी पूर्ण वाक्यांत बोलता येई. नकाशा वाचण्यासाठी एलरॉन्डला विनवावे लागे, ड्रॅगनवर बाण सोडण्यासाठी बार्डला. ते ऐकतीलच याची हमी नव्हती. एखादे पात्र वाटेतच मारले जाई आणि मग खेळाडूची सारी खटपट व्यर्थ!

हा सगळा संसार स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या ४८ किलोबाइट स्मृतीत, तोही कॅसेटवरून चढवायचा. काही स्थळांची चित्रे डोळ्यांदेखत रेघेरेघेने उमटत, मग रंग भरला जाई. खोक्यात कादंबरीची प्रतही असे, हे आम्हांला विशेष भावले. एवढ्या गुंतागुंतीच्या खेळात चुका मुळीच नसतील अशी ग्वाही देता येत नाही, अशी कबुली सोबतच्या पुस्तिकेतच होती. निर्मात्यांनाही आपली पात्रे पुढे काय करतील हे पुरते ठाऊक नव्हते.

मेग्लरबाई पुढे आयबीएममध्ये गेल्या आणि बऱ्याच वर्षांनी पोर्टलंड येथे संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. खेळांच्या धंद्यात त्या परतल्या नाहीत. थोरिन मात्र जुन्या यंत्रांवर अजून गातो आहे.