एका तिथीची गोष्ट

छत्रपती शिवाजी महाराजांच्या आजी आणि पत्नी सईबाई, दोघीही फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या लेकी. त्यामुळे महाराजांच्या चरित्रातील तिथी आम्हां फलटणकरांना घरच्याच वाटतात. आजची मुले त्या शोधतात विकिपीडियावर. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया म्हणजे कोणीही लिहावा आणि कोणीही दुरुस्त करावा असा ज्ञानकोश. पण सर्वांनी मिळून लिहिलेल्या ग्रंथावर विसंबावे कसे? याचे उत्तर महाराजांच्या जन्मतिथीच्याच गोष्टीत आहे.

मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीमुळे शके १५४९ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इ. स. १६२७, ही तिथी रूढ झाली होती. परंतु ही बखर महाराजांच्या निधनानंतर शतकाहून अधिक काळ लोटल्यावर लिहिलेली. पुढे कारी गावच्या जेधे घराण्यातील शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली व त्यांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत तिथी होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. १९२७ साली महाराजांच्याच पदरच्या कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ छापून निघाले. त्यातही हीच तिथी! एक कागद मावळातल्या देशमुखाच्या घरचा, दुसरा संस्कृत कवीचा; आणि दोघांची साक्ष एक. तरीही विद्वानांचा वाद कित्येक वर्षे चालला. अखेर २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली.

यातच विश्वसनीय आधाराची सारी परीक्षा आली. साक्षीदार घटनेच्या किती जवळचा? दुसरा स्वतंत्र साक्षीदार आहे काय? आणि तो कागद चारचौघांना पडताळता येतो काय? शकावली जेध्यांच्या घरी होती तोवर ती घरची ठेव होती. छापली गेली तेव्हा ती पुरावा झाली. विकिपीडियाचा नियमही हाच. स्वतःचे नवे संशोधन तेथे चालत नाही; प्रसिद्ध झालेला आधार दाखवावा लागतो.

दुसरा नियम सौजन्याचा. प्रत्येक लेखामागे चर्चेचे पान असते. समोरच्याचा मजकूर रागाने खोडण्याऐवजी तेथे आपला आधार मांडावा, त्याचा हेतू चांगला आहे असे धरून चालावे, आणि जाणकारांत मतभेद असतील तर दोन्ही मते ज्याच्या-त्याच्या नावाने नोंदवावीत. खोडलेले शब्दही इतिहासाच्या पानावर राहतात. तेव्हा तेथे आवाज चढवून कोणाचीच सरशी होत नाही.

वाचकहो, दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावर मोडी कागदांचा एखादा रुमाल सापडला, तर तो रद्दीत घालू नका. जाणकाराला दाखवा, एखाद्या इतिहास मंडळाकडून वाचून, छापून घ्या. उद्याच्या ज्ञानकोशातली एखादी ओळ कदाचित त्याच्याच आधारावर उभी राहील.