धान्याची राख

जेवताना भाताचे शीत जमिनीवर सांडले, तर ते उचलून घ्यावयास लावणारी वडीलधारी माणसे आपल्या प्रत्येकाच्या घरी होती. रोजच्या भाकरीसाठी हात जोडणाऱ्या अशा घरांत आम्ही वाढलो. त्यामुळे घर उबदार राखण्यासाठी अमेरिकेतील शेतकऱ्यांनी मक्याची कणसे शेगडीत घातली, ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा ती आम्हांस पापासारखीच वाटली. पुढे तिच्यामागचा हिशेब पाहिला आणि आमचा राग ओसरला.

ही गोष्ट १९३२-३३ च्या हिवाळ्याची. १९२९ च्या मंदीनंतर आयोवा, नेब्रास्का या प्रांतांत मक्याचा भाव कोसळून कित्येक ठिकाणी बुशेलला, म्हणजे सुमारे पंचवीस किलोंना, दहा सेंटांच्या आसपास आला. तेवढ्यात वाहतुकीचा खर्चही धड निघेना. कोळसा मात्र रोख पैसे मोजून आणावा लागे. बाहेर बर्फ पडत असता (तेथील थंडी आम्ही नुसती वाचूनच जाणतो) घरच्या कणगीतला मका विकत्या कोळशाहून स्वस्त ठरला, आणि तो जळाला. कर्जापायी शेते लिलावात निघू लागली, तेव्हा शेजारीपाजारी जमून मुद्दाम काही सेंटांचीच बोली लावीत आणि घेतलेली गुरे, अवजारे मूळ मालकास परत करीत.

त्याच वर्षांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात काय जळत होते? मंदी येथेही पोहोचली होती. भाताचा भाव पडला होता. पण धान्य जाळण्याची वेळ येथे कोणावर आली नाही. धान्य जळावयास आधी ते घरात उरावे लागते!

जिल्ह्यातील बहुसंख्य गावे खोतीची. सरकारचा वसूल गोळा करणारा खोत कालांतराने गावाचा धनीच होऊन बसला होता. १८८० च्या खोती कायद्याने काही कुळांचे हक्क मान्य केले, तरी अनेकांची कसवणूक त्याच्या मर्जीवरच राहिली. पीक उभे असतानाच अभावणी होई, म्हणजे शेतात किती भात निघेल याचा अंदाज ठरवला जाई, आणि त्यावर अर्धेलीने अर्धा किंवा तिर्धेलीने तिसरा हिस्सा खोताकडे जाई. वेठ निराळीच. उरलेले भात वर्षाला पुरत नसे. मग वरकस डोंगरावरची नाचणी, वरी, आणि तेही संपले की बंदरात उतरलेला रंगूनचा तांदूळ. तो रोखीने घ्यावयाचा, आणि रोख येई ती मुंबईहून मनीऑर्डरीने. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईतल्या दर पाच माणसांत सुमारे एक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता, यावरून हा आधार केवढा मोठा होता ते ध्यानात यावे. १९३३-३४ मध्ये मुंबईतील गिरण्यांनी मजुरी कापली, काही गिरण्या बंद पडल्या, १९३४ मध्ये मोठा संप झाला. त्याची झळ कोकणातल्या चुलीपर्यंत आली.

आपल्याकडची खरी आग शेतात लागे. फाल्गुन-चैत्रात दाढ भाजण्याची धांदल उडे. झाडांच्या फांद्या छाटून कवळ आणावयाची, पातेरा गोळा करावयाचा, शेण पसरावयाचे, त्यावर कवळ, वर गवत व पातेरा आणि शेवटी बारीक माती. वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवायचे, म्हणजे आग धावत नाही, सावकाश जळते. या धगीने तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि राखेचे खत मिळते. मृगाच्या पावसात त्यावर पेरलेला तरवा जोमदार येतो. ही सारी मेहनत, आणि डोंगर खोताच्या ताब्यात असेल तर कवळ तोडावयासही त्याची मर्जी सांभाळावी लागे.

शेण मात्र एकच आणि वाटेकरी दोन. गोवरी चुलीत गेली की दाढीला तेवढे शेण कमी. म्हणून घरातील बाई चुलीला करवंट्या, नारळाची सोडणे, सुकलेल्या झावळ्या पुरवी आणि शेण शेतासाठी राखी. या काटकसरीची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात नाही, पण शेत तिच्यावरच तगले, असे आमचे मत आहे.

एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोतीविरुद्ध आवाज उठविला. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो कोकणी शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. ते विधेयक मंजूर झाले नाही. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला व रंगूनचा तांदूळ बंद झाला, तेव्हा दुसऱ्याच्या भातावर जगणे म्हणजे काय हे जिल्ह्याने अनुभवले. अखेर १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला आणि कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्यास मालक ठरविले. पण मालकी आली तोवर वाटण्यांनी शेताचे तुकडे झाले होते, आणि मुंबईची वाट मुलांच्या पायाखालची झाली होती.

अमेरिकेत मका पुन्हा शेगडीत गेला तो २००५-०६ मध्ये. घर तापविण्याचे तेल महागले आणि मका स्वस्त होता, म्हणून मका जाळणाऱ्या शेगड्यांना मोठी मागणी आली. दोनच वर्षांत मक्याचा भाव चढला आणि त्या हिशेबात बसेनाशा झाल्या. आता आपल्या देशातही मक्यापासून इथेनॉल करून ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते.

भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असतो. ते जाळले की त्याचीही सुमारे पाचवा हिस्सा राख उरते, आणि तीत बहुतेक सिलिकाच असते. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीत ही काळी राख तरव्याच्या वाफ्यात मिसळावयास सांगितली आहे. रोपे ताठ होतात, कीड कमी लागते. कवळ तोडावयास आज गावात हात उरलेले नाहीत आणि चुलीच्या जागी सिलिंडर आला आहे. तेव्हा दाढ भाजण्याऐवजी गिरणीतले तूस पोत्यात भरून आणावे, जाळावे आणि वाफ्यात घालावे, एवढे दोघा म्हाताऱ्यांनाही जमते.