सचित्र मासिके आणि मराठी कथा-कविता

आधुनिक मराठी कविता आणि लघुकथा पुस्तकाच्या आधी नियतकालिकात वाढली. केशवसुतांचे निधन 1905 मध्ये झाले आणि त्यांच्या कवितांचे पुस्तक हरि नारायण आपटे यांनी काढले ते 1917 मध्ये. तोवर ही कविता वाचकांना भेटत होती ती 'करमणूक', 'काव्यरत्नावली', 'मनोरंजन' यांसारख्या नियतकालिकांच्या पानांवर. कादंबरीला स्वतंत्र बांधणी परवडते. चौदा ओळींच्या सुनीताला किंवा आठ पानांच्या गोष्टीला सोबत लागते, आणि ती मासिकाने दिली. या सोबतीत चित्र उशिरा आले, पण आल्यावर त्याने मासिकाचा वाचकवर्गच पालटून टाकला.

'विविधज्ञानविस्तार' (1867) किंवा विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' (1874) ही ज्ञान आणि विचार यांची मासिके. त्यांचा वाचक शिकलेला पुरुष होता आणि त्याला चित्राची अपेक्षा नव्हती. जळगावहून 1887 पासून निघालेले ना. न. फडणीस यांचे 'काव्यरत्नावली' तर केवळ कवितेला वाहिलेले. चित्रांची आवड मात्र याच काळात घराघरांत रुजत होती. ज्या चिपळूणकरांनी गद्याचा वळसेदार थाट घडवला, त्यांनीच 1878 मध्ये पुण्यात चित्रशाळा सुरू करण्यात पुढाकार घेतला आणि देवादिकांची रंगीत शिळाछापी चित्रे भिंतींवर पोचली. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाल्यावर ही हौस आणखी वाढली. वाङ्मय एका छापखान्यात आणि चित्र दुसऱ्यात, अशी ती स्थिती होती.

ही दोन्ही एका वेष्टनात बांधण्याचे श्रेय काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्याकडे जाते. त्यांचे मूळ आडनाव आजगावकर. बंगाली वाङ्मयाच्या प्रेमापोटी ते ती भाषा शिकले आणि त्यांनी 'मित्र' हे बंगाली आडनाव धारण केले. 1895 मध्ये त्यांनी 'मासिक मनोरंजन' सुरू केले. घरातल्या स्त्रियांनी वाचावे, इतकेच नव्हे तर लिहावे, हा त्यांचा आग्रह होता. बालकवी, गोविंदाग्रज, रेव्हरंड टिळक यांच्या कविता आणि वि. सी. गुर्जर यांच्या गोष्टी या मासिकातून घराघरांत गेल्या. आधीच्या 'स्फुट गोष्टी'पेक्षा लांब, गुंतागुंतीच्या आणि एका अंकात पुऱ्या होणाऱ्या 'संपूर्ण गोष्टी'ला याच पानांवर आकार आला. 1909 मध्ये मित्रांनी दिवाळीनिमित्त मोठा खास अंक काढला. आज ज्याला दिवाळी अंक म्हणतात, त्याची परंपरा या अंकापासून मोजतात.

चित्र मासिकात कुठे बसणार, हे पुष्कळदा छापण्याच्या तंत्रानेच ठरवले. मजकूर शिशाच्या खिळ्यांनी जुळवला जाई. फोटो किंवा रंगचित्र छापायचे तर बारीक ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक करावा लागे, आणि हे ठिपके नीट उठण्यासाठी गुळगुळीत आर्ट पेपर लागे. तिरंगी चित्राला तीन स्वतंत्र ब्लॉक लागत आणि तोच कागद यंत्रातून तीनदा काढावा लागे. हा खर्च प्रत्येक पानाला झेपणारा नव्हता. म्हणून रंगीत चित्र मुखपृष्ठावर किंवा मध्ये चिकटवलेल्या वेगळ्या पानावर गेले आणि गोष्टीपासून तुटले. वाचक ते कापून चौकटीत बसवू शके. रेघांच्या चित्राचे तसे नव्हते. त्याचा जस्ताचा ब्लॉक खिळ्यांच्या शेजारी त्याच चौकटीत बसे आणि साध्या कागदावरही स्वच्छ उठे. कवितेभोवतीची वेलबुट्टी, गोष्टीच्या मथळ्यावरची आकृती, दोन परिच्छेदांमधला चेहरा हे सारे याच साध्या ब्लॉकमुळे शक्य झाले.

'मनोरंजन' 1935 मध्ये बंद पडले, पण त्याआधीच त्याची जागा घेणारे उभे राहिले होते. 1926 मध्ये पुण्यात निघालेल्या 'रत्नाकर'ने देखण्या छपाईचा आग्रह धरला. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे वार्तापत्र म्हणून 1920 मध्ये जन्मलेले 'किर्लोस्कर खबर' पुढे 'किर्लोस्कर' हे मासिक झाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते, त्यामुळे तिथे चित्राचा निर्णय संपादकाच्याच मेजावर होई.

स्वातंत्र्याच्या आसपास मुखपृष्ठाने अंकावर ताबा मिळवला. गोव्यात 1916 मध्ये जन्मलेल्या दीनानाथ दलाल यांनी 1945 मध्ये स्वतःचे 'दीपावली' काढले. चित्रकारच मासिकाचा धनी झाल्यामुळे रंग, कागद आणि मांडणी यांत काटकसर उरली नाही. दलालांची ठसठशीत रेषा आणि उजळ रंगांतल्या नायिका यांनी एका पिढीच्या सौंदर्यकल्पना घडवल्या. रघुवीर मुळगावकर हेही गोव्याचेच. त्यांची मऊ छटांची देवदेवतांची चित्रे 'रत्नप्रभा'सारख्या अंकांवर झळकली आणि बाबुराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही त्यांच्याच हातची. अनंत अंतरकरांच्या 'मोहिनी'वर शि. द. फडणीस यांनी शब्दांची गरज नसलेले हास्यचित्र आणून मुखपृष्ठालाच एका लघुकथेचे रूप दिले. अंक विकत घेणाऱ्याला तो आधी डोळ्यांनी आवडत असे, मग वाचनालयाच्या रांगेतून किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांत फिरून तो वर्षभर वाचला जाई.

वाङ्मयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे काम मात्र रेघेने केले. 1933 मध्ये सुरू झालेल्या 'सत्यकथे'त आणि तिच्या भावंडात, 'मौजे'त, गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा वाढली. तिच्यात घटना कमी, मनाची हालचाल जास्त. अशा कथेतला प्रसंग जसाच्या तसा काढणारे चित्र तिला मारक ठरते, कारण जे लेखकाने सूचित ठेवले ते चित्रकार उघडे करून टाकतो. द. ग. गोडसे, पद्मा सहस्रबुद्धे अशा चित्रकारांनी ही अडचण ओळखली. काही मोजक्या रेघा, एखादा रिकामा कोपरा, पाठमोरी आकृती एवढ्यावर ते थांबत आणि कथेचा सूर तेवढा धरून ठेवत. कवितेला तर याहूनही जपून हात लावावा लागतो. तिच्याभोवती मोकळी जागा सोडणे हीच तिची सजावट, हे या संपादकांना आणि चित्रकारांना उमगले होते. 1964 मध्ये केशवराव कोठावळे यांनी सुरू केलेल्या 'ललित'मध्ये वसंत सरवटे यांनी हातोडा घेतलेला 'ठणठणपाळ' उभा केला. जयवंत दळवींच्या याच नावाच्या सदराची ओळख त्यांच्या मजकुराइतकीच त्या आकृतीनेही झाली.

या सजलेल्या मासिकांना विरोधही झाला. 1950 च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी 'शब्द' हे सायक्लोस्टाइल केलेले अनियतकालिक काढले, आणि साठच्या दशकात अशा अंकांची चळवळ झाली. कोलटकर स्वतः जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, जाहिरातक्षेत्रात नाव मिळवलेले चित्रकार. त्यामुळे या अंकांचा ओबडधोबडपणा अज्ञानातून आलेला नव्हता. प्रतिष्ठित मासिकाचे देखणे रूप त्यांना नव्या कवितेच्या आड येणारे वाटत होते.

'सत्यकथा' 1982 मध्ये बंद झाली. ऑफसेट छपाई आल्यावर कोणतेही चित्र कोणत्याही पानावर बसवणे सोपे झाले, पण कथेसाठी मुद्दाम चित्र काढून घेण्याची शिस्त बऱ्याच अंकांतून सुटली आणि मुखपृष्ठावर छायाचित्र आले. दिवाळी अंकांची परंपरा मात्र शंभर वर्षे ओलांडून चालू आहे, आणि कथा-कवितेसाठी रेखाचित्रे काढून घेणारे संपादक आजही आहेत. या मासिकांचे जुने अंक वाचनालयांतून टिकवताना आणि त्यांच्या सूची करताना लेखकाच्या नावाशेजारी चित्रकाराचेही नाव नोंदले गेले पाहिजे. त्याशिवाय मराठी लघुकथेचा इतिहास पुरा लिहिता येणार नाही.