दूध आटवणाऱ्याचा शिधा

भट्टीवाल्या मामांना मी फोनवर एक फोटो दाखवला. पांढऱ्या बशीत बदामी रंगाची, सुरीने कापलेली एक वडी. मामांनी हात पुसले, फोन लांब धरला आणि म्हणाले, "ह्यो तर खवाच की. जरा जास्त आटलाय."

फोटो जपानचा होता.

2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे तिथल्या शाळा एकाएकी बंद झाल्या. मुलांना शाळेत रोज मिळणारं दूध शिल्लक पडू लागलं. तेव्हा घरात अडकलेल्या लोकांनी ते तासन्‌तास ढवळून आटवलं, त्याच्या वड्या केल्या आणि फोटो टाकले. पदार्थाचं नाव 'सो'. बातम्यांनी त्याला 'प्राचीन जपानी चीज' म्हटलं. मी तो फोटो तेव्हाच ठेवून दिला होता, कारण आमच्याकडे त्याला कुणी चीज म्हटलं नसतं.

'आमच्याकडे' म्हणजे लिंबागणेशकडे. भालचंद्र गणपतीचं गाव, बीड तालुक्यातलं. चंद्राने इथे तप केलं अशी कथा आहे, आणि त्यावरूनच देवाचं नाव. गावातून निघून मांजरसुंब्याला आलं की सोलापूरचा हमरस्ता लागतो. चौसाळा मागे पडतं, मांजरा ओलांडली की धाराशिव जिल्हा सुरू होतो आणि सरमकुंडी फाट्यापासून पेढ्याच्या पाट्या दिसू लागतात. तिथून आत वळलं की कुंथलगिरी. जैनांचं सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये सल्लेखना घेऊन देह ठेवला तो इथेच. बाकीच्या महाराष्ट्राला मात्र कुंथलगिरी म्हटलं की पेढा आठवतो.

हा सगळा बालाघाटाचा माथा. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, गवत मात्र चांगलं. म्हणून जनावरं. आता विचार करा, रस्ता धड नाही, बर्फ नाही, शहर लांब, आणि सकाळचं दूध दुपारपर्यंत टिकवायचं आहे. दुधाच्या गाड्या आणि शीतकरण केंद्रं फार नंतर आली. दुधातलं पाणी काढून टाकलं तर ओझंही कमी होतं आणि जिन्नस दूरच्या बाजारापर्यंत जातो. खवा हा गोडाचा पदार्थ नंतर, आधी तो वाहतुकीचा उपाय.

युरोपात याच अडचणीवर चीज हे उत्तर निघालं. तिथे दूध मुद्दाम फाडतात, बरेचदा वासराच्या पोटातल्या रेनेटने. आपल्या भाषेत फाटलेलं दूध 'नासतं'. ज्या क्षणी तिकडे चीज सुरू होतं, त्या क्षणी इकडे आई कपाळाला हात लावते. आणि जैन तीर्थाच्या पायथ्याशी वासराच्या पोटातलं काही दुधात घालणं तर कल्पनेतही शक्य नव्हतं. तेव्हा दूध नासू न देता घट्ट करायचं, तर विस्तव आणि हात एवढंच उरतं.

जपानमध्येही तेच घडलं, तेरा शतकांपूर्वी. इ.स. 700 च्या सुमारास दरबाराने सो करवून घ्यायला सुरुवात केली. पुढे 927 मध्ये पूर्ण झालेल्या 'एंगिशिकी' या कायदेसंग्रहात प्रमाणच दिलं आहे: दहा मापं दूध आटवून एक माप सो. प्रांतांनी तो पाळीपाळीने राजधानीला पोचवायचा. औषध म्हणून आणि बौद्ध विधींसाठी तो वापरत. सोची खरी कृती काय असावी यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण दूध आटवायचं यात शंका नाही.

मजा पुढे आहे. बौद्ध ग्रंथांतून जपानला दुधाची एक उतरंड पोचली होती: दूध, दही, लोणी, तूप, आणि सगळ्यात वर तुपाचाही अर्क, त्याला जपानीत 'दाइगो' म्हणतात. क्योटोजवळच्या एका मोठ्या मंदिराचं नाव दाइगोजी. ज्या सम्राटाने 'एंगिशिकी' लिहायला लावला तोही इतिहासात दाइगो नावाने ओळखला जातो. आजही एखाद्या गोष्टीतली खरी गोडी सांगायला जपानी माणूस 'दाइगोमी' म्हणतो. आपल्या रवीचा आणि कढवण्याचा हा पत्ता इतका दूर गेला होता.

मग दरबाराची सत्ता ढासळली आणि सोही गेला. जपानने चीज पुन्हा शिकलं ते एकोणिसाव्या शतकापासून, पाश्चात्त्यांकडून. आता नारा प्रांतात सो पुन्हा करून विकतात, छोट्या डबीत, इतिहासाचा कागद लावून.

आपल्याकडेही लिहिलेलं काहीच नाही असं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात दूध आटवण्याच्या पायऱ्या आहेत. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. आमची मांजराही पुढे बीदर जिल्ह्यातूनच वाहते. पण ते राजाच्या ताटाबद्दल आहे. कढईपाशी कोण बसलं होतं, याची नोंद नाही.

नारा शहरात ती नोंद सापडली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस एका डिपार्टमेंट स्टोअरसाठी पाया खणताना आठव्या शतकातल्या नागाया या राजपुत्राचा वाडा उघडा पडला आणि हजारो लाकडी पट्ट्या मिळाल्या. त्या काळच्या पावत्याच त्या. त्यातल्या एकीवर दूध आटवणाऱ्या माणसाला दिलेल्या तांदळाचा हिशेब आहे. नाव नाही, फक्त काम आणि शिधा. मला 'एंगिशिकी'पेक्षा ती पट्टी जास्त महत्त्वाची वाटते.

कारण इथे भट्टीपाशी उभं राहिलं की कळतं, हे काम म्हणजे न थांबणं. खालून जाळ, वर कढई, आणि उलथणं तळाला घासत फिरतंच राहिलं पाहिजे. क्षणभर हात थांबला की बूड लागतं आणि अख्खा घाण वाया. आता बऱ्याच ठिकाणी मोटरवर फिरणारी कढई आली आहे. खांदे वाचले, धूर आणि धग तशीच. म्हशीचं चार-पाच लिटर दूध आटलं की किलोभर खवा पडतो. याला 'उतारा' म्हणतात. मामांना मी जपानी प्रमाण सांगितलं तर ते हसले. "धाला एक? मग धंदा बुडाला म्हणायचा."

कुंथलगिरीच्या खव्याला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. अशा अर्जात पदार्थाचा त्या जागेशी असलेला जुना संबंध दाखवावा लागतो, जमेल तर कागदाने. ज्या कामात हात मोकळा नसतो त्याचा कागद कुठून येणार? दसऱ्यानंतर इथली कितीतरी घरं ऊसतोडीला जातात, म्हशी म्हाताऱ्यांच्या भरवशावर राहतात. त्यांचं दूध भट्टीवर येतं ते किटलीने, आणि लिहिलं जातं ते एका वहीत.

वही मी पाहिली. लाल पुठ्ठ्याची. तारीख, नाव, लिटर, उतारा. उचल दिली असेल तर बाजूला गोल. मी विचारलं, "मामा, याच्या आधीच्या वह्या?"

"हिशेब मिटला की कशाला ठेवायच्या," ते म्हणाले. "पावसाळ्यात जाळ धरत नाही, तव्हा कामाला येतात."