पाचवीच्या आत गेलेलं लेकरू

माझी आजी औसा तालुक्यातली. तिला कुणी विचारलं, ‘लेकरं किती?’ तर ती सांगायची, ‘चार हायेत, तीन गेले.’ गेलेल्यांनाही ती मोजायची. मी एकदा विचारलं, ‘कशानं गेले?’ ती म्हणाली, ‘एक देवीत गेलं, एक हगवणीत गेलं, अन् एक पाचवीच्या आतच गेलं.’ पहिल्या दोघांची नावं तिला आठवत होती. तिसऱ्याचं बारसंच झालं नव्हतं. त्याला नाव नव्हतं, आणि त्याच्या मरणालाही नाव नव्हतं.

आज मला या तीन मरणांविषयी बोलायचं आहे. गरीब मुलखात माणसं कशानं मरतात, याचा सगळा इतिहास आजीच्या त्या एका वाक्यात आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानातल्या जुन्या मृत्युनोंदी पाहिल्या, तर बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एकाच रकान्यात सापडतात. डॉक्टर नव्हताच, गावचा चौकीदार सांगेल ते कारण. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, सगळं त्या तापात गडप. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यातल्या सिकंदराबादेत 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. तोवर हा ताप दूषित हवेनं येतो, असंच शिकलेली माणसंही मानत. खेड्यांत पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडत. आपण त्याला हसू नये. कारण ठाऊक नसलं की माणूस निदान मरणाला नाव तरी देतो.

आजीचं पहिलं लेकरू देवीनं नेलं. पुढं गावोगाव टोचणी झाली, घरोघर रोगी शोधले गेले. 1975 नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही आणि 1977 मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. माझ्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे. माझ्या मुलांच्या दंडावर तो नाही.

दुसरं हगवणीत गेलं. हगवणीत मूल मरतं ते बहुधा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यानं. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. बनगावला सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी क्षार आणि ग्लुकोज पाण्यात कालवून रोग्यांना प्यायला दिलं. शंभरांत तीसच्या आसपास रोगी दगावत होते. ते प्रमाण चारच्याही खाली आलं. साखरेच्या सोबतीनं आतडं मीठ आणि पाणी शोषून घेतं, एवढंच त्यातलं मर्म. आजीच्या घरात मीठ होतं, गूळ होता. ठाऊक नव्हतं ते फक्त हे मर्म.

आता तिसरं, पाचवीच्या आत गेलेलं. जागतिक आरोग्य संघटनेनं गरीब देशांतल्या मृत्यूंच्या कारणांची 2019 सालची यादी दिली आहे. तिच्यात पहिल्या क्रमांकावर हिवताप नाही, क्षय नाही, एड्सही नाही. पहिल्या क्रमांकावर आहेत नवजात बाळांचे आजार: अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, जन्मताना श्वास गुदमरणं, जंतुसंसर्ग. म्हणजे आजीचं ते बिननावाचं लेकरू.

आपला देश आता गरीब देशांच्या त्या गटात मोडत नाही. तरीही 2023 चा सप्टेंबर संपताना नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 जण दगावले. त्यांत 12 नवजात बाळं होती. दोन दिवसांत हा आकडा 31 वर गेला. कुणी म्हणालं, औषधं आणि माणसं कमी. रुग्णालयाकडून सांगण्यात आलं की रोगी लांबून, अखेरच्या घटकेला येतात. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली.

तारखेकडं बघा. 30 सप्टेंबर. बरोबर तीस वर्षांपूर्वी, 1993 मध्ये याच तारखेच्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला. 6.2 तीव्रतेचा तो धक्का, आणि सुमारे आठ ते दहा हजार माणसं गेली. आमच्या औसा तालुक्यातलीच ती जागा. कागदावर मरणाचं कारण ‘भूकंप’. पण माणसं मारली ती दगड-मातीच्या जाडजूड भिंतींनी आणि माळवदावरच्या मातीच्या ओझ्यानं. आजीचं घरही तसलंच होतं. सुदैवानं आम्हाला झळ लागली नाही. किल्लारीनंतर आपण भिंतीला जाब विचारला. घरं कशी बांधावीत हे नव्यानं शिकलो, गावंच्या गावं दुसरीकडं उभी केली. कारणामागचं कारण आपण शोधलं.

नांदेडच्या त्या बाळांच्या कागदावर ‘कमी वजन’ किंवा ‘अपुरे दिवस’ असं लिहिलेलं असेल, तर त्यामागची भिंत कोणती? आईच्या अंगात रक्त किती होतं? ऊसतोडीला गेलेल्या बाईची तपासणी कोणत्या गावात झाली? किनवटहून नांदेड शंभराहून अधिक किलोमीटर. तेवढ्या वाटेत बाळाला ऊब कुणी दिली? मोठं रुग्णालय ही या वाटेवरची शेवटची पायरी. सगळा हिशेब तिथंच मागून भागत नाही. पण ती पायरीही भक्कम हवी.

उपाय नाही असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवलं: बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. 1999 मध्ये त्यांनी जगापुढं मांडलं की या घरपोच काळजीनं नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं. पुढं देशभरच्या आशाताई हेच काम करू लागल्या.

देवी गेली, हगवणीचा उतारा सापडला. तिसऱ्या मरणाचं नावही आता आपल्याला ठाऊक आहे. आजीला ते ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं कुणाला दोष दिला नाही. आपल्याला मात्र ती सवलत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)