पितर, नरक आणि शुद्धिस्थान

१८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक बाणकोटला आले. सावित्रीच्या मुखाशी वसलेले हे गाव आजच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला आहे. पुढे हर्णैलाही त्यांचे ठाणे झाले. मुंबईत ज्यांनी नंतर मोठे नाव मिळवले ते जॉन विल्सन १८२९ मध्ये मराठी शिकण्यासाठी प्रथम कोकणातच येऊन राहिले. या मंडळींच्या शाळांविषयी आणि हिंदू पंडितांशी झालेल्या त्यांच्या वादांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला येथे लिहावयाचे आहे ते त्यांनी बरोबर आणलेल्या एका नकाराविषयी. स्कॉटलंडच्या चर्चने १६४७ साली स्वीकारलेल्या वेस्टमिन्स्टर मतपत्रिकेत स्पष्ट सांगितले आहे की, देहापासून सुटलेल्या आत्म्याला स्वर्ग आणि नरक ही दोनच ठिकाणे आहेत. पवित्र शास्त्राला तिसरे ठाऊक नाही. म्हणून मृतांसाठी प्रार्थनाही करावयाची नाही.

याच किनाऱ्याने दक्षिणेकडे गेले, तेरेखोलची खाडी ओलांडली, की ते तिसरे ठिकाण त्या वेळी अडीचशे वर्षांहून अधिक काळ शिकवले जात होते. मराठी ख्रिस्ती त्याला शुद्धिस्थान म्हणतात, गोव्याच्या कोंकणीत ते पुर्गातोर. एकाच कोकणपट्टीच्या दोन टोकांना युरोपातल्या एका जुन्या भांडणाचे दोन पक्ष येऊन बसले होते. हे भांडण येथे परके असावयास हवे होते. पण ते ज्या प्रश्नावर होते तो कोकणी माणसाच्या घरातलाच प्रश्न होता. मेलेल्यांसाठी जिवंतांना काही करता येते काय?

आधी त्या भांडणाचा पाया पाहू. कॅथलिक पक्षाचा पहिला आधार म्हणजे मक्काबींचे दुसरे पुस्तक. त्याच्या बाराव्या अध्यायात यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांना पुरावयास जातो, तेव्हा त्यांच्या अंगरख्यांखाली परक्या देवतांचे ताईत सापडतात. तो सैन्यातून सुमारे दोन हजार द्राख्मा चांदी जमवून यरुशलेमला पापार्पणासाठी पाठवतो. मृतांसाठी अर्पण होऊ शकते, तर त्यांची अवस्था अजून बदलण्याजोगी असली पाहिजे, असा हा तर्क. दुसरा आधार पौलाचा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात त्याने म्हटले आहे की प्रत्येकाच्या कामाची परीक्षा अग्नीने होईल, आणि ज्याचे काम जळून जाईल तो स्वतः तरेल, पण अग्नीतून निघाल्यासारखा. मत्तयाच्या शुभवर्तमानातील एका वचनात काही पापांची क्षमा येणाऱ्या युगातही नाही असे आहे; त्यावरून इतर पापांची असू शकते, असा अर्थ काढला गेला.

प्रॉटेस्टंट उत्तर ठरलेले होते. मक्काबींचे पुस्तक हिब्रू शास्त्रात नाही. पौलाचा अग्नी हा न्यायदिवसाचा दृष्टान्त आहे. आणि मत्तयाच्या वाक्यातून सिद्धान्त काढणे म्हणजे नकारातून होकार पिळणे. यातला पहिला मुद्दा मराठी वाचकाच्या दृष्टीने फार व्यावहारिक ठरला. प्रॉटेस्टंट मंडळींनी छापलेल्या मराठी बायबलात ते पुस्तकच नसल्याने, बाणकोटच्या एखाद्या जिज्ञासूला हा आधार पडताळून पाहावा असे वाटले असते तरी त्याच्या हातातल्या ग्रंथात तो नव्हता. पण खरा आक्षेप ग्रंथांचा नव्हता. ख्रिस्ताच्या बलिदानाने सर्व ऋण फिटले असेल, तर उरलेले फेडण्यासाठी आत्म्याने कोठे थांबावयाचे? लूथरचे १५१७ चे प्रसिद्ध प्रतिपादन पापक्षमापत्रांच्या विक्रीवर होते. शुद्धिस्थानाची कल्पनाच त्याने उघडपणे टाकून दिली ती १५३० साली.

त्रेंत येथील धर्मपरिषदेने १५६३ च्या डिसेंबरात दिलेला निर्णय मात्र आश्चर्य वाटावे इतका मोजका आहे. शुद्धिस्थान आहे, आणि तेथील आत्म्यांना श्रद्धावंतांच्या प्रार्थनांचे, विशेषतः मिस्साबलीचे, साहाय्य होते, एवढेच. अग्नीचा त्यात उल्लेख नाही. उलट, सूक्ष्म आणि निष्फळ चर्चा सामान्यांपुढे करू नका, द्रव्यलोभाला वाव देऊ नका, असे बजावले आहे. १४३९ च्या फ्लोरेन्सच्या परिषदेत पूर्वेकडील ग्रीक धर्मगुरूंशी हाच वाद झाला होता. ते मृतांसाठी प्रार्थना करीत, पण तो अग्नी त्यांना मान्य नव्हता. फ्रेंच इतिहासकार झाक ल गॉफ यांनी १९८१ च्या ग्रंथात दाखवले की, शुद्धिस्थान या अर्थाचे लॅटिन नाम बाराव्या शतकाच्या अखेरीपूर्वी आढळत नाही. हा शोध अनेकांनी सिद्धान्ताविरुद्धचा पुरावा म्हणून वापरला. आम्हांला तो तसा वाटत नाही. प्रार्थना आधी होती, जागेचे नाव नंतर आले. श्राद्धाचाही इतिहास काही आधी भूगोल आखून सुरू झालेला नाही.

आता गोव्याकडे. ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज होते, ही गोष्ट आपण वाचतो आणि विसरतो. ते १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. त्यांच्या मायदेशात १५७१ पासून जी एकोणचाळीस धर्मकलमे कायद्याने बंधनकारक झाली होती, त्यांपैकी बाविसावे शुद्धिस्थानाच्या शिकवणीला शास्त्राधार नसलेली पोकळ कल्पना ठरवते. स्वदेशात जे मानणे अपराध ठरले असते तेच साष्टीत शिकवणे त्यांचे कर्तव्य झाले. त्यांचे पुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले, आणि कोंकणी ‘दौत्रिना क्रिस्तां’ त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये.

येथे भाषेने एक मौज केली आहे. स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द निःसंकोच घेतला. नरकासाठी कोंकणीत यमकोंड रुळला. पण तिसऱ्या ठिकाणासाठी पोर्तुगीज शब्दच राहिला. ज्या भाषेने विष्णुलोक आणि यम दोन्ही उसने दिले, तिच्यापाशी याच एका गोष्टीला शब्द नव्हता काय? आमच्या मते होता, पण तो आधीच खर्च झाला होता. पुराणांतला नरक कायमचा नसतो. गरुडपुराणातील यातना कितीही भीषण असल्या तरी त्यांना मुदत आहे. कर्म भोगून संपले की जीव पुढच्या जन्माला जातो, आणि मागे राहिलेल्यांनी दिलेल्या पिंडाचा त्याला वाटेत उपयोग होतो. म्हणजे हिंदू नरक हा ख्रिस्ती नरकापेक्षा ख्रिस्ती शुद्धिस्थानाच्या कितीतरी अधिक जवळ आहे. पुनर्जन्म वगळला तर जवळजवळ तोच. पण मुदतीचा नरक दाखवणारे शब्द अनंत नरकाला दिले गेले, आणि ज्याला ते शोभले असते त्याला परका शब्द वापरावा लागला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या अदलाबदलीकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

या अदलाबदलीमागे एक दुःखद गोष्ट दडलेली आहे. साष्टीतील पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती माणसाला शुद्धिस्थानाने काय दिले? त्याच्या स्वतःच्या मरणानंतरची आशा दिली, मुलाबाळांनी करावयाचे कर्तव्य दिले, आणि पितृपक्षाच्या जागी नोव्हेंबर महिना दिला. २ नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या दिवशी, धर्मगुरूला तीन मिस्सा करण्याची मुभा १७४८ मध्ये पोर्तुगाल व स्पेन यांच्या राज्यांना मिळाली. सर्व जगाला ती मिळाली १९१५ मध्ये, महायुद्ध चालू असताना. पण त्याच्या बापाचे आणि आज्याचे काय? शुद्धिस्थान हे कृपेत मेलेल्यांसाठीच असते. स्नानसंस्काराशिवाय गेलेल्या पितरांना त्या काळच्या शिकवणीत तेथे जागा नव्हती. फ्रान्सिस झेवियर यांनी १५५२ च्या जानेवारीत कोचीनहून लिहिलेल्या पत्रात जपानमधील नवख्रिस्ती लोकांचे वर्णन केले आहे: आपल्या मृतांना प्रार्थनेने वा दानाने सोडवता येत नाही हे ऐकून ते रडत. साष्टीत कोणी असे पत्र लिहून ठेवले असते, तर त्यातला मजकूर फारसा वेगळा नसता असे आम्हांला वाटते. आणि गंमत अशी की, ज्या मक्काबींच्या उताऱ्यावर हा सिद्धान्त उभा आहे त्यातले मृत सैनिक परक्या देवतांचे ताईत बांधूनच मेले होते. यहूदाने त्यांच्यासाठी चांदी पाठवली. तो उतारा साष्टीतल्या एखाद्या नातवाने वाचला असता, तर त्याने पाद्रीबाबांना काय विचारले असते?

इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती झालेल्यांनी टाकावयाच्या हिंदू चालींची लांबलचक यादी आहे. अ. का. प्रियोळकरांच्या ग्रंथामुळे ती अभ्यासकांना परिचित आहे. लग्नाच्या चालींबरोबर मृत्यूनंतरच्या चालीही तीत आहेत. धर्मांतराला दोन शतके उलटत आली तरी त्या मोडाव्या लागत होत्या, याचा अर्थ उघड आहे.

बाणकोटच्या स्कॉट मंडळींपाशी यातला कोणताच पेच नव्हता. रोमविरुद्ध तीनशे वर्षे घासून धारदार केलेला युक्तिवाद श्राद्धालाही तसाच लागू पडे: मृताच्या नावाने जिवंत पुरोहिताला दक्षिणा का? या प्रश्नाची सचोटी आम्ही नाकारीत नाही. पण त्याने एकच दार लावले असे नाही. गेलेल्या पितरांसाठी नाही, आणि उद्या मरणाऱ्या ख्रिस्ती आईसाठीही नाही.

या दारापाशी बराच काळ थांबलेला एक माणूस म्हणजे नीलकंठशास्त्री, म्हणजेच नेहेम्या, गोरे. घराणे कोकणस्थ, वाढ काशीत, स्नानसंस्कार १८४८ मध्ये. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरात त्यांच्या लेखनाचा वाटा होता. अनंत शिक्षेच्या सिद्धान्तावरील आक्षेपांना उत्तर देणारे एक पुस्तक त्यांनी १८६८ मध्ये लिहिले. आक्षेप परके असते तर एवढी झुंज देण्याचे कारण नव्हते. प्रॉटेस्टंट मंडळींत प्रवेश केलेले गोरे पुढे अँग्लिकन चर्चमधील कॅथलिक वळणाच्या पंथाकडे गेले. ज्या वळणात मृतांसाठी प्रार्थना पुन्हा सुरू झाली होती.

नंतरच्या काळात रोमची भाषाही बदलली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये मान्य केले की, स्वतःच्या दोषाविना ख्रिस्ताला न ओळखलेल्यांनाही तारण मिळू शकते. १९९९ मध्ये दुसऱ्या जॉन पॉल यांनी शुद्धिस्थान ही जागा नसून अवस्था आहे असे सांगितले, आणि २००७ च्या परिपत्रात सोळाव्या बेनेडिक्ट यांनी, तो अग्नी म्हणजे ख्रिस्ताची भेटच असावी, या अलीकडच्या काही धर्मशास्त्रज्ञांच्या मताला आपल्या चिंतनात जागा दिली. साष्टीतल्या त्या नातवाला हे सारे चार शतके उशिरा मिळाले.

२००५ मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला. रत्नागिरी जिल्हा त्यातच येतो. म्हणजे बाणकोटही आता कागदोपत्री शुद्धिस्थान मानणाऱ्या धर्मप्रांतात आहे. गोव्यात ख्रिस्ती घरी लग्नाआधी भिकाऱ्यांचे जेवण घालण्याची चाल आहे. घरातल्या मृतांच्या नावाने गोरगरिबांना बोलावतात, पंगत बसते, जेवणाआधी प्रार्थना होते. यजमानाच्या मनातले मृत किती पिढ्या मागचे आहेत, आणि त्यांतल्या कोणाचा स्नानसंस्कार झाला होता, हे त्या पंगतीत कोणी विचारीत नाही.