परीकथा : भाषाध्ययनातील स्थान

अद्‌भुतरम्य लोककथांचा एक प्रकार. ‘परी’ हा शब्द फार्सी; मराठी मौखिक कथांत मात्र परीपेक्षा राक्षस, नावडती राणी व बोलणारे पक्षी यांचाच वावर अधिक.

आरंभ : ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड 1812 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानंतर दोनच वर्षांनी, विल्यम कॅरीच्या देखरेखीखाली बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यात, वैजनाथशास्त्री कानफाडे यांनी केलेला सिंहासनबत्तिशीचा मराठी तर्जुमा मोडी लिपीत छापला गेला, आणि 1815 मध्ये हितोपदेश आला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकणाऱ्या कंपनी सरकारच्या सनदी नोकरांसाठी ही पुस्तके होती. ज्यांना पुढे अर्ज आणि महसुलाची दप्तरे उलगडावयाची होती, त्यांच्यासमोर प्रथम विक्रमाच्या सिंहासनावरील पुतळ्या बोलल्या.

साष्टी : मुंबईचे उपनगर अंधेरी ज्या साष्टी बेटात मोडते, तेथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची बोली मराठीचीच. त्या बेटातील लोककथा जॉर्ज एफ. डी’पेन्हा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘इंडियन अँटिक्वरी’त इंग्रजीतून प्रसिद्ध केल्या. त्यांतील ‘बापखादी’ (1891) ही कथा मॅरियन रॉल्फ कॉक्स यांनी सिंड्रेलेच्या 345 पाठभेदांच्या ग्रंथात (1893) समाविष्ट केली.

आकर्षणाची मीमांसा : बापखादीच्या या नोंदीतच परीकथेच्या टिकाऊपणाचे मर्म आहे. हरवलेल्या पादत्राणाची गोष्ट विद्यार्थी आपल्या घरून, आपल्या आजीकडून, घेऊनच येतो. कथानक त्याच्या मालकीचे असते, परके असतात ते केवळ शब्द. त्यात पुनरुक्तीची भर पडते : काऊ-चिऊच्या गोष्टीत कावळा दार ठोठावीत राहतो, चिमणी दर खेपेस नवे काम सांगून त्याला थांबविते, आणि वाक्याचा साचा तोच राहून क्रियापद तेवढे बदलते. ‘राजाने घोडा पाहिला’, ‘राजाने मुलगी पाहिली’ हा कर्माप्रमाणे क्रियापद फिरविणारा मराठीचा कर्मणी प्रयोग तमिळ भाषकास नियमाने समजतो खरा, पण अंगवळणी पडतो तो राजा तीनदा तीन गोष्टी पाहतो तेव्हा. ‘आटपाट नगर’ ऐकताच श्रोता सावरून बसतो. पुढे काय होणार हे ठाऊक असल्याने अडलेल्या शब्दाचा अर्थ तो स्वतःच लावतो, आणि असा कमावलेला शब्द सहसा विसरत नाही.

आक्षेप : सावत्र आईच्या चित्रणाविषयी एकमत नाही.

मर्यादा : बँक, इस्पितळ व कचेरी येथील शब्दसंग्रह या कथांतून मिळत नाही.

शालेय स्थिती : महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा अधिनियम 2020 मध्ये संमत झाला. अंधेरीसारख्या बहुभाषी उपनगरात, जेथे एकाच बाकावर अनेक मातृभाषा बसतात, सर्व मुलांस आधीच ठाऊक असलेली गोष्ट हाच मराठीचा पहिला धडा व्हावयास हवा.